वर्णपटमापकाचे सॉफ्टवेअर: सुईपासून ऑडिट ट्रेलपर्यंत

बेकमन डीयू हा जंबुपार आणि दृश्य प्रकाशाचा वर्णपटमापक १९४१ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याच्यासोबत सॉफ्टवेअर नावाची वस्तू नव्हती. तरंगलांबीची चकती हाताने फिरवायची, सुई शून्यावर आणायची, आकडा वहीत लिहायचा आणि चकती पुढच्या खुणेवर न्यायची. वर्णपट म्हणजे वहीतले हे आकडे आणि आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने जोडलेले ठिपके. बिघाड डोळ्यांना दिसे. सुई थरथरे, दिवा फडफडे, शून्य जागेवर ठरत नसे.

पुढच्या दीड दशकात चकती फिरवण्याचे काम मोटरने आणि लिहिण्याचे काम पेनाने घेतले. पर्किन-एल्मरचा इन्फ्राकॉर्ड १९५७ मध्ये आला आणि अवरक्त वर्णपट साध्या रसायन प्रयोगशाळेच्या आवाक्यात आला. या यंत्राचे दोष कागदाचे आणि शाईचे होते. पेन वाळे, कागद ढोलावर तिरका बसे आणि सगळी शिखरे एका बाजूला सरकत. त्यावरचा उपाय सोपा होता. प्रत्येक आलेखाच्या कडेला पॉलिस्टायरीनच्या पातळ पडद्याचे १६०१ प्रतिसेंमीचे शिखर काढून ठेवायचे. ते छापील रेघेपासून जितके ढळले असेल, तितकी दुरुस्ती नमुन्याच्या शिखरांना लावायची. यंत्रे बदलली, संगणक आले, तरी हा पडदा प्रयोगशाळेतून गेला नाही. अवरक्त यंत्राच्या तपासणीत १६०१.२, १०२८.३ आणि ३०६० या रेषा आजही पाहिल्या जातात.

गणिताने या क्षेत्रात पाऊल ठेवले ते संगणक टेबलावर येण्याआधी. पर्किन-एल्मरमध्येच काम करणाऱ्या अब्राहम साविट्झ्की आणि मार्सेल गोले यांनी १९६४ मध्ये ‘अ‍ॅनॅलिटिकल केमिस्ट्री’त एक लेख लिहिला. शेजारच्या काही बिंदूंना ठरावीक गुणकांनी गुणून बेरीज केली की खडबडीत वक्र गुळगुळीत होतो आणि त्याचे विकलजही मिळते, हे त्यांनी दाखवले आणि गुणकांची कोष्टके छापून दिली. ही कोष्टके ज्याच्या-त्याच्या प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी गेली. त्यांतले काही अंक चुकीचे छापले गेले होते. स्टाइनियर, तेर्मोनिया आणि देल्तूर यांनी त्यांची दुरुस्ती त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केली, पण ती १९७२ मध्ये. मधल्या आठ वर्षांत ज्याने कोष्टक उतरवून घेतले, त्याच्या वक्रात ती चूक उतरली आणि वक्र तरीही गुळगुळीतच दिसला. वर्णपटाच्या सॉफ्टवेअरमधला हा बहुधा पहिला गाजण्याजोगा दोष. पुढच्या अनेक दोषांची जातकुळी हीच राहिली, कारण चूक होऊनही चित्र देखणे येत होते.

१९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी फूरिए रूपांतर झटपट करण्याची रीत मांडली आणि अवरक्त वर्णपटमापनाचा पायाच बदलला. व्यतिकरणमापक सर्व तरंगलांबींचा प्रकाश एकदम मोजतो, त्यामुळे प्रकाश वाया जात नाही, हा फायदा पीटर फेलगेट यांनी आधीच दाखवला होता. अडचण आकडेमोडीची होती. ४,०९६ बिंदूंच्या व्यतिकरण आलेखाचे सरळ पद्धतीने रूपांतर करायचे तर सुमारे १ कोटी ६८ लाख गुणाकार लागतात. नव्या रीतीत हे काम ५० हजारांच्या आसपास पायऱ्यांत उरकते. १९६९ मध्ये डिजिलॅबने एफटीएस-१४ हा फूरिए वर्णपटमापक आणला, तो डेटा जनरलच्या नोव्हा या मिनिकॉम्प्युटरसह. चुंबकीय अनुस्पंदनात रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी हाच मार्ग १९६६ मध्ये दाखवला होता. त्यासह केलेल्या कामासाठी अर्न्स्ट यांना १९९१ चे नोबेल मिळाले.

इथून पुढे सॉफ्टवेअर हा यंत्राचाच एक भाग झाला. इन्फ्राकॉर्डचा पेन जे काढी, ते प्रकाशाच्या जवळचे होते. व्यतिकरणमापकातून येणारा आलेख मात्र मधोमध एक उंच टोक आणि दोन्ही बाजूंना विरत गेलेली थरथर, असा असतो. त्यातून रसायनशास्त्रज्ञाला काहीच वाचता येत नाही. वर्णपट दिसण्याआधी सॉफ्टवेअरला बरेच निर्णय घ्यावे लागतात. आलेखाची टोके कोणत्या फलनाने मऊ करायची, किती शून्ये भरायची, कलादोष कसा काढायचा, हे त्यांतले काही. निकोले कंपनीच्या परंपरेत हॅप-गेंझेल फलन आपोआप निवडलेले असते, तर ब्रुकर कंपनीकडे ब्लॅकमन-हॅरिस. नमुना तोच, विभेदन तेच, तरी अरुंद शिखरांची उंची दोन यंत्रांवर वेगळी येते. वापरणारा मग नमुना पुन्हा पुन्हा दळत बसतो. तरंगसंख्येचे मोजमाप तर पूर्णपणे हीलियम-निऑन लेसरवर उभे आहे. त्याची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, म्हणजे सुमारे १५,७९८ प्रतिसेंमी. हा आकडा सॉफ्टवेअरच्या एका चौकटीत लिहिलेला असतो. दुरुस्तीनंतर तो चुकीचा राहिला तर सगळी शिखरे एकाच प्रमाणात ताणली जातात. जास्त तरंगसंख्येला फरक मोठा, कमीला लहान. कागद सरकल्यावर शिखरे सारखीच सरकत, इथे ती प्रमाणात सरकतात. अनुभवी माणूस दोष कुठला, हे यावरून ओळखतो.

पार्श्वभूमीचा वर्णपट, ज्याला प्रयोगशाळेत सगळे बॅकग्राउंडच म्हणतात, हीसुद्धा याच काळाची देणगी. जुन्या दुहेरी किरणांच्या यंत्रात नमुना आणि रिकामी वाट एकाच वेळी मोजली जाई. फूरिए यंत्रात आधी रिकामी वाट मोजून ती साठवायची आणि नंतरच्या प्रत्येक नमुन्याला तिने भागायचे. त्यामुळे सकाळी घेतलेले बॅकग्राउंड दुपारच्या नमुन्याला लावले की हवेत झालेला बदल वर्णपटात उतरतो. २३५० प्रतिसेंमीजवळ कर्ब वायूचे दुहेरी शिखर उभे राहते, कधी वर तर कधी उलटे. १३०० ते १९०० आणि ३५०० ते ३९०० या पट्ट्यांत पाण्याच्या वाफेच्या काटेरी रेषा येतात. जवळ उभा असलेला माणूस यंत्राचे झाकण उघडे असताना श्वास सोडतो, तेवढेही पुरते.

मुंबईच्या आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात या गोष्टीला आणखी एक धार येते. बहुतेक अवरक्त यंत्रांतला किरणविभाजक पोटॅशियम ब्रोमाइडचा असतो आणि तो दमट हवेतले पाणी शोषून धुरकट होतो. पडद्यावर मात्र ‘सिग्नल कमी’ किंवा ‘स्कॅन करता आला नाही’ एवढेच झळकते. अशा वेळी सॉफ्टवेअर पुन्हा बसवणे, संगणक बंद-चालू करणे, केबल बदलणे यांत दिवस जातो. शोषकाच्या डबीतला निळा दाणा गुलाबी पडला आहे, हे शेवटी दिसते. क्रम उलटा हवा. आधी व्यतिकरण आलेखाचे मधले टोक किती उंच आहे ते पाहायचे, ते जुन्या नोंदीशी ताडायचे आणि मग संगणकाकडे वळायचे.

१९८१ च्या आयबीएम पीसीनंतर उपकरण कंपन्यांचे स्वतःचे खास संगणक हळूहळू मागे पडले. त्यांच्या जागी पीसीत बसवायची कार्डे आली आणि त्यांच्याबरोबर तंटेही. दोन कार्डांनी एकच इंटरप्ट मागितला की पडदा गोठायचा आणि जंपर हलवून वाट काढावी लागायची. त्याहून मोठा प्रश्न फायलींचा होता. प्रत्येक कंपनीची फाइल वेगळी आणि बंद. गॅलॅक्टिक इंडस्ट्रीजच्या ग्राम्स या प्रोग्रॅमने अनेक कंपन्यांच्या फायली वाचून दाखवल्या आणि त्याची एसपीसी ही फाइल बऱ्याच ठिकाणी देवाणघेवाणीची भाषा झाली. ब्रुकरच्या ओपस या प्रोग्रॅममध्ये फायलीच्या नावापुढे शून्य, एक, दोन असे आकडेच लागतात. त्यामुळे नवखा माणूस फायली हलवताना त्यांना दुसरे नाव देतो आणि मग त्या सापडत नाहीत.

१९८८ मध्ये मॅक्डोनाल्ड आणि विल्क्स यांनी जेकॅम्प-डीएक्स हा खुला नमुना प्रसिद्ध केला. ही साधी मजकुराची फाइल आहे. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला दोन हॅश चिन्हे आणि खुणेचा शब्द असतो, त्यामुळे ती नोटपॅडमध्येही उघडते. जागा वाचवण्यासाठी शोषणाचे आकडे पूर्णांकांत लिहितात आणि त्यांना कशाने गुणायचे ते ‘वायफॅक्टर’ या ओळीत देतात. घाईत लिहिलेला प्रोग्रॅम ती ओळ वाचत नाही आणि शोषकता काही लाखांत दाखवतो. असा दोष निदान लगेच लक्षात येतो. आडव्या अक्षाचे एकक तितके सरळ नाही. जुने अवरक्त वर्णपट मायक्रोमीटरमध्ये असतात. ते तरंगसंख्येत नेताना बिंदूंमधले अंतर असमान होते, ते समान धरले की शिखरे खोट्या जागी जातात. फरकाच्या रूपात दाबलेल्या फाइलीत ओळीचा शेवटचा आकडा पुढच्या ओळीच्या आरंभी पुन्हा लिहिलेला असतो. दोन्ही जुळतात का, ते तपासण्याची ही सोय. अनेक प्रोग्रॅम ही तपासणी करतच नाहीत, आणि हे अक्षम्य आहे.

जंबुपार-दृश्य यंत्रांचे सॉफ्टवेअर या मानाने सरळ राहिले. त्याचा खरा दोष दशांशांचा. शोषकता ३ म्हणजे नमुन्यातून प्रकाशाचा हजारावा भागच बाहेर पडतो. यंत्रात भटका प्रकाश तेवढाच असेल तर वरचे सगळे आकडे निरर्थक. पडदा तरीही ३.४१२ असे तीन स्थळांपर्यंत लिहितो. म्हणून औषधसंहितांनी यंत्रासाठी वेगळ्या कसोट्या ठेवल्या: तरंगलांबीसाठी होल्मियमचे द्रावण, शोषकतेसाठी पोटॅशियम डायक्रोमेट आणि भटक्या प्रकाशासाठी १.२ टक्के पोटॅशियम क्लोराइड, ज्याची शोषकता १९८ नॅनोमीटरला २ च्या वर गेलीच पाहिजे.

१९९० च्या दशकात प्रयोगशाळेत विंडोज रुळली आणि त्याच दशकात यंत्र खिशात मावू लागले. ओशन ऑप्टिक्सने १९९२ मध्ये लहान, तंतुप्रकाशाचा वर्णपटमापक विक्रीला काढला. यात हलणारा भाग नाही, त्यामुळे बिघाडही जवळपास सगळे सॉफ्टवेअरच्या बाजूचे. बारा बिटांच्या मोजणीत सर्वांत मोठा आकडा ४०९५. दिव्याचा संदर्भ घेताना प्रकाश जास्त झाला की टोक त्या आकड्याला टेकून सपाट होते. संदर्भच चुकीचा असल्यामुळे नंतरचे प्रत्येक शोषण कमी येते, आणि वक्र मात्र देखणा. संकलनकाळ बदलला आणि अंधाराचा वर्णपट पुन्हा घेतला नाही, तरी असाच घोटाळा होतो.

यूएसबीमुळे केबल जोडणे सोपे झाले आणि जुन्या यंत्रांची गैरसोय झाली. त्यांच्या पाठीमागे नऊ टाचण्यांचे सिरियल पोर्ट होते आणि नव्या लॅपटॉपवर ते नव्हते. मधे परिवर्तक आला. विंडोज त्याला कॉम पोर्टचा नंबर देते, पण बऱ्याच परिवर्तकांच्या बाबतीत तोच परिवर्तक दुसऱ्या खाचेत घातला की नवा नंबर मिळतो. काल कॉम-४ वर चालणारे यंत्र आज कॉम-१२ वर जाते. जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत कॉम-९ च्या पुढे काही नसते, कारण विंडोजमध्ये दहा आणि त्यापुढच्या पोर्टचे नाव वेगळ्या पद्धतीने द्यावे लागते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नंबर खाली आणायचा, एवढाच उपाय. विंडोज वीज वाचवायला यूएसबी झोपवते, तेव्हा लांबलचक स्कॅन मधेच तुटतो, त्याचे उत्तरही तिथेच सापडते. ऑक्टोबर २०१४ मध्ये, अशा परिवर्तकांतल्या चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने आपल्या चिपांच्या नकलांचा ओळखक्रमांक शून्य केला आणि त्या संगणकाला दिसेनाशा झाल्या. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. स्वस्तातला परिवर्तक वापरणाऱ्याला आपली चिप नक्कल आहे, हे तेव्हा कळले.

औषधनिर्मितीत सगळ्यांत मोठा बदल कायद्याने केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा संगणकीय नोंदींविषयीचा नियम, भाग ११, १९९७ मध्ये लागू झाला. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, आपोआप राहावी आणि ती वापरणाऱ्याला पुसता येऊ नये, ही त्याची मुख्य मागणी. २०१३ नंतरच्या काही वर्षांत भारतातल्या अनेक औषध कारखान्यांना, त्यांत महाराष्ट्रातल्याही, नोंदी विश्वासार्ह नसल्याच्या ठपक्याची पत्रे आली. एकच पासवर्ड सगळ्यांचा, संगणकाचे घड्याळ मागे नेणे, ‘ट्रायल’ म्हणून घेतलेले स्कॅन पुसणे, असे ते आरोप होते. त्यानंतर दुरुस्तीची पद्धतच पालटली. पूर्वी विश्लेषक स्वतः ड्रायव्हर बदलून मोकळा होई. आता त्याला ते अधिकारच नसतात. आयटी विभागाचा माणूस येणार, बदलाची नोंद होणार, यंत्राची पात्रता पुन्हा तपासली जाणार. दहा मिनिटांच्या कामाला आठवडा लागू शकतो. तक्रार रास्त आहे, पण ज्या कारणाने हे आले ते कारणही खोटे नव्हते.

विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्राचे आयुष्य मात्र वीस-वीस वर्षांचे असते. त्यामुळे अनेक ठिकाणी जुना संगणक नेटवर्कपासून तोडून ठेवलेला दिसतो आणि फायली पेन ड्राइव्हने बाहेर येतात, कधी विषाणूसह. जिथे जोडणी यूएसबी किंवा सिरियलची आहे, तिथे आभासी यंत्रात जुनी विंडोज चालवता येते. आयएसए कार्ड असेल तर ती वाट बंद, आणि मूळ संगणकाची हार्ड डिस्क हुबेहूब उतरवून ठेवणे एवढेच हाती राहते.

दुसऱ्या बाजूने पायथॉनमधले आणि इतर खुले प्रोग्रॅम आले. ओशनच्या यंत्रांसाठी सीब्रीझ, अनुस्पंदनासाठी एनएमआरग्लू, वस्तुमान वर्णपटांच्या फायली उलगडण्यासाठी प्रोटिओविझार्ड, असे खुले प्रोग्रॅम आता संशोधक रोज वापरतात. ओपसच्या बंद फायली वाचणारे तुकडेही लोकांनी लिहून ठेवले आहेत. त्यांत मूळ व्यतिकरण आलेख मिळाला तर टोके मऊ करण्याचे फलन बदलून वर्णपट पुन्हा काढता येतो. अर्थात स्कॅन घेणाऱ्याने तो आलेख साठवण्याची खूण त्या दिवशी केली असेल तरच, कारण बऱ्याच यंत्रांत ती खूण मुळात केलेली नसते आणि फाइलीत फक्त तयार वर्णपट उरतो.