नागपूरच्या मे महिन्यात घरचा ब्लॉग-सर्व्हर

तर्री-पोह्यांवर लिहा नाहीतर संत्र्यांवर, पण ब्लॉग घरच्या रास्पबेरी पायवर चालवायचा असेल तर आधी सॉफ्टवेअरची भूक बघा, भाऊ.

२००३ पासूनच्या वर्डप्रेसला पीएचपी लागतं, सोबत मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी. कॅशिंग नसेल तर प्रत्येक वाचकासाठी पीएचपी चालतं, डेटाबेस चाळला जातो, पान नव्याने बनतं. पोस्ट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरली की सर्व्हरची दमछाक ठरलेली. घोस्ट नोड जेएसवर चालतं आणि किमान १ जीबी रॅम मागतं.

ह्यूगोचं तंत्रच निराळं. मार्कडाउनमध्ये लिहा, लॅपटॉपवर एक कमांड द्या, त्यातून बनलेला ‘पब्लिक’ फोल्डर अपलोड करा. सर्व्हरने फक्त तयार एचटीएमएल फाइल उचलून द्यायची. कॉमेंट्सची सोय मात्र वेगळी करावी लागते, आणि मोबाइलवरून झटपट लिहायला वर्डप्रेसच बरं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. सर्व्हरला काम जास्त तितकी पायची चिप तापते, आणि ८० अंशांजवळ पोचली की स्वतःच वेग कमी करते. त्यात लाइट गेली तर लिहिता लिहिता थांबलेला डेटाबेस बिघडू शकतो (इन्व्हर्टर असेल तर गोष्ट वेगळी). म्हणून माझं मत ह्यूगोला.