भंडारदऱ्याचें पाणी आणि त्याची वांटणी

पाऊस पुष्कळ पडतो तेथें पाणी टिकत नाहीं, आणि पाणी हवें तेथें पाऊस पडत नाहीं, अशी जुन्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याची दुहेरी अडचण आहे. सह्याद्रीच्या कड्यालगत घाटघर-रतनवाडीकडे वर्षाकांठीं दोनशे इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो. पूर्वेस राहाता-श्रीरामपूरच्या सपाटीवर वीस इंच पडला तरी शेतकरी समाधान मानतो. रतनगडाजवळ उगम पावणारी प्रवरा या दोन प्रदेशांना जोडते. पश्चिमेचा पूर पूर्वेच्या उन्हाळ्यासाठीं राखून ठेवावा, ही कल्पना त्यांतूनच निघाली.

भंडारदऱ्याच्या दगडी धरणाचें काम 1910 सालीं सुरू झालें आणि 10 डिसेंबर 1926 रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनीं त्याचें उद्‌घाटन केलें. उंची सुमारें 270 फूट. सांठा सुमारें 1,100 कोटी घनफूट, म्हणजे हल्लींच्या परिभाषेंत अकरा टीएमसी. 1969 सालीं भिंतीस तडे जाऊन गळती लागली, तेव्हां आधारभिंती बांधून ती सावरावी लागली. सोडलेलें पाणी नदीच्या पात्रांतूनच वाहत संगमनेरखालीं ओझरच्या बंधाऱ्याशीं येतें व तेथून डाव्या-उजव्या पाटांत वळतें.

प्रवासी भिंत पाहून परततात. खरी कसोटी पाटाच्या शेंवटच्या चारीवर लागते. चाळींत नळ दोन तासच येत असतां खालच्या बिऱ्हाडानें तोटी मोकळी सोडली, तर वरच्या मजल्यावर थेंबही चढत नाहीं. पाटाचेंही तसेंच आहे. म्हणून शेजपाळींत प्रत्येक शेताचा वार आणि वेळ ठरलेली असते, आणि भिजवणें टोंकाकडून सुरू करून वर आणावयाचें, असा दंडक आहे. दंडक मोडण्याची हौस अर्थात् वरच्या बाजूसच अधिक.

या व्यवस्थेला खरा ताण दिला तो उसानें. ज्वारी चार महिन्यांत निघते. ऊस बारा ते अठरा महिने शेतांत उभा राहून पाणी मागतो. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं नीरा कालव्यासाठीं सुचविलेली ब्लॉक पद्धत यावरच होती. तींत मंजूर क्षेत्राच्या तिसऱ्या हिश्शांतच ऊस घ्यावयाचा आणि बाकींत हंगामी पिकें. पाणी अधिक शेतांना पोंचावें आणि अतिसिंचनानें जमिनी खारवट होऊं नयेत, हा दुहेरी हेतु. परंतु कालव्याचा खर्च भरून निघण्यास सरकारलाही उसाचीच पाणीपट्टी हवी होती. पुढें 1950 सालीं लोणीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानें हजारों कुटुंबांस स्थैर्य दिलें, हें नाकारतां येत नाहीं. तरी दुष्काळी मुलखासाठीं अडविलेल्या पाण्याचा मोठा वांटा उसाकडे गेला, हेंही खरेंच. जलाशयाभोंवतींच्या डोंगरवाड्यांना मात्र वैशाखांत हंड्यासाठीं वणवण करावी लागते. प्रवरेवरच निळवंडे येथें दुसरें धरण झालें. त्याचा डावा कालवा वाहूं लागण्यास 2023 साल उजाडलें.

तंटा जिल्ह्याच्या सीमेवर थांबत नाहीं. प्रवरा गोदावरीस मिळते आणि संगमाखालीं पैठणचें जायकवाडी धरण आहे. वर धरणें भरलीं आणि खालीं तळ उघडा पडला, तर हक्क कोणाचा? 2005 च्या कायद्यानें महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरण स्थापन झालें. 2014 च्या त्याच्या आदेशान्वयें जायकवाडींत 15 ऑक्टोबरला उपयुक्त सांठा 65 टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांनीं पाणी सोडावें, असें ठरलें. परंतु सोडलेलें सारें पाणी पैठणास पोंचत नाहीं. कोरडें पात्र आधीं आपली तहान भागवितें, आणि वाटेंत कांठावरचे पंप टपलेले असतात; म्हणून पाणी वाहत असेपर्यंत नदीकांठची वीज बंद ठेवावी लागते आणि बंधाऱ्यांवर पोलिसांचा पहारा बसतो.