बॉनेटखालचं जग (भाग ९) : पंप निघाला, त्याची कामं कोण करणार?

गेल्या आठवड्यात आपण पट्टा आणि अल्टरनेटर यांचं नातं पाहिलं. इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर आणखी दोन बिऱ्हाडकरू जगतात : पॉवर स्टीअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर. त्यातलं एक बिऱ्हाड हलवायचं आणि दुसऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, हा आजचा विषय.

तो सुचला करोल बागेत. नाईवाल्याच्या गल्ल्यांत, हरध्यान सिंह रस्त्याच्या आसपास, सुट्या भागांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. जवळच्याच एका गॅरेजात एक जुनी, चपळ गाडी घोडीवर चढवलेली होती. मालक तरुण. गाडी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पळवायची त्याला हौस. ५.१२५ किलोमीटरची ती धावपट्टी २०११ साली सुरू झाली. वेगाने वळणं घेताना स्टीअरिंगचं तेल तापत होतं, नळ्या पाझरत होत्या. शिवाय रस्ता हाताला नीट ‘कळत’ नाही, ही त्याची जुनी तक्रार. म्हणून पंप नको. एसी मात्र हवाच, कारण सर्किटवरून घरी यायचं ते दिल्लीच्या उन्हातून. २९ मे २०२४ ला सफदरजंगच्या वेधशाळेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. अशा दुपारी एसी हे सुरक्षिततेचंच साधन ठरतं. घामाने निथळलेला, डोकं भणभणलेला चालक कुणालाच नको असतो.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि आधी पट्ट्याकडे बोट दाखवलं. त्यांची सुरुवात योग्य होती. पंप काढायला चार बोल्ट आणि अर्धा तास पुरतो. खरा प्रश्न असतो तो पंपाने अंगावर घेतलेल्या कामांचा. ती तीन आहेत, आणि प्रत्येकाला नवा धनी शोधून द्यावा लागतो.

पहिलं काम पट्ट्याचं. काही गाड्यांत पंपाला स्वतंत्र पट्टा असतो. तो उतरवला की झालं. बऱ्याच गाड्यांत मात्र पंप आणि कॉम्प्रेसर एकाच पट्ट्यावर असतात. छोट्या स्पोर्ट्स कारचा जगभरातला नमुना म्हणजे १९८९ साली आलेली माझदा एमएक्स-५. तिच्या पहिल्या पिढीतही अशीच मांडणी आहे. अशा ठिकाणी पंप गेला की पट्टा लांब पडतो, आखूड घ्यावा लागतो. लांबी अंदाजाने ठरवू नका. उरलेल्या पुल्यांभोवती न ताणणारी दोरी फिरवून मोजा आणि ताण देणारा बोल्ट त्याच्या पल्ल्याच्या मध्यावर ठेवून मोजा. पट्ट्यावरचा आकडा वाचायलाही सोपा असतो : ‘४पीके ८७५’ म्हणजे चार धारा आणि ८७५ मिलिमीटर लांबी.

गोची होते ती ताणाची. पुष्कळदा पट्टा ताणायची सोय पंपाच्याच ब्रॅकेटवर असते. ते ब्रॅकेट पंपासोबत काढून टाकलं की पट्टा ताणायचा कशावर? एका परिचिताच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. एसी बंद असेतो सारं ठीक. कॉम्प्रेसरचा चुंबकी क्लच गुंतला की पट्टा किंचाळायचा आणि दोन महिन्यांत तो झिजून तुटला. कॉम्प्रेसर कडक उन्हात इंजिनाची तीन-चार अश्वशक्ती मागतो आणि ती एका झटक्यात मागतो. त्या झटक्याला पुरून उरेल इतका पट्टा त्याच्या पुलीला कवळून असला पाहिजे. म्हणून ब्रॅकेट ठेवून पंपाच्या जागी मोकळी फिरणारी पुली बसवणं हा सर्वांत निर्धोक उपाय. सगळी यंत्रं एकाच लांब पट्ट्यावर असतील, तर तो बहुतेक वेळा लागतोच. त्या पट्ट्यावर पाण्याचा पंपही असेल, तर मांडणी बदलल्यावर तो उलटा फिरत नाही ना, हे आधी तपासा. उलटा फिरला तर इंजिन तापून बसेल.

या सगळ्यात एसीच्या नळ्या उघडू नका. जागा हवी असेल तर कॉम्प्रेसरचे बोल्ट काढून तो नळ्यांसकट बाजूला तारेने टांगून ठेवता येतो. नळी सुटली तर आतला वायू हवेत जातो. आर-१३४ए हा वायू तापमानवाढीच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून अधिक घातक आहे. शिवाय गॅस पुन्हा भरण्याचा खर्च वेगळा.

दुसरं काम निरोपाचं. उभ्या गाडीत चाक वळवलं की पंपावर भार येतो आणि इंजिन मंदावतं. म्हणून अनेक गाड्यांत पंपाजवळ दाबाचा एक स्विच असतो. तो इंजिनाच्या संगणकाला ‘थोडं जास्त फिरव’ असा निरोप देतो. पंपासोबत तो स्विचही जातो. त्याची वायर लोंबकळत न ठेवता नीट बंद करावी. एसीचा तसाच निरोप वेगळ्या वायरने जातो, तिला हात लावू नये.

तिसरं काम सर्वांत खोल आणि सर्वांत दुर्लक्षित. पंपाचं तेल जातं स्टीअरिंगच्या रॅकमध्ये. तिथे पिनियनच्या वर एक पीळ खाणारी बारीक दांडी असते. तुम्ही चाक वळवता, दांडी थोडी पिळते, तेवढ्याने झडप उघडते आणि तेल योग्य बाजूने रेटा देतं. आता तेलच नाही, पण दांडी तशीच पिळते. म्हणून चाक काही अंश फिरूनही टायर हलत नाही. मग एकदम हलतो. शिवाय रॅकमधल्या पिस्टनचं सील आत घासत राहतं. दोन नळ्या एकमेकींना जोडून काम उरकणारे पुष्कळ आहेत. तसं केलं तर स्टीअरिंग जड होतं आणि रस्ता हाताला कळण्याऐवजी ढिलेपणाच कळतो. नीट काम म्हणजे रॅक उतरवणं, पिस्टनवरचं सील काढणं, त्या दांडीची ढिलाई जाणकाराकडून वेल्डिंगने कायमची बंद करणं, आत ग्रीस भरणं आणि दोन्ही बाजूंची हवा इकडून तिकडे जाईल अशी वाट ठेवणं. वेल्डिंग कच्चं राहिलं तर धोका थेट जिवाला, म्हणून हे काम रस्त्यावरच्या कुणाही वेल्डरकडे देऊ नये.

इतकं करूनही हे मान्य करायला हवं, की पॉवर रॅकचे दात मदत गृहीत धरूनच कापलेले असतात. मुळातच पॉवर नसलेल्या रॅकमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाक जास्त फेरे घेतं, म्हणून हाताला हलकं जातं. तुमच्या मॉडेलचा तसा मूळ रॅक मिळाला तर तोच बसवा. करोल बागेत गाडी लावताना, दोन इंच पुढे, दोन इंच मागे करताना, त्याची किंमत दंडांना कळेल.

कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेपासून दूर जाणारा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आरटीओ आणि विमा कंपनी यांना विचारल्याशिवाय पाना उचलू नका.

त्या दिवशी तरुणाने सगळं ऐकून घेतलं आणि पंप ठेवला. नळ्या बदलल्या, तेल थंड करणारा छोटा कूलर लावला. तक्रार तापण्याची होती आणि औषध तापण्यावरचंच दिलं गेलं. मला तो निर्णय फार आवडला. सुटा भाग काढण्याआधी त्याची कामं मोजली, तर अनेकदा तो भाग राहू द्यावासा वाटतो.

पुढच्या भागात : पंपाची जागा घेणारी विजेची मोटर. १९८८ च्या सुझुकी सर्व्होपासून आजच्या गाड्यांपर्यंत तिचा प्रवास कसा झाला आणि तिने हाताला काय दिलं, काय हिरावलं.