ठोसा सुरू होतो पायापासून

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी शाळेतील विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही गेलो होतो. प्रदर्शन आटोपल्यावर मैदानाच्या कोपऱ्यात मुलामुलींचा मुष्टियुद्धाचा सराव चाललेला दिसला, म्हणून थोडा वेळ थांबलो. आठवीतल्या एका मुलीने जोडीदारणीच्या हातातील पॅडवर जोरदार ठोसा मारला आणि तोल जाऊन ती स्वतःच मागे बसली. मुले हसली. क्रीडाशिक्षक आम्हाला म्हणाले, ‘‘हिच्या हातात ताकदच नाही. उद्यापासून रोज पंचवीस जोर काढायला सांगतो.’’

आमचे लक्ष मात्र तिच्या पायांकडे होते. दोन्ही पावले शेजारी शेजारी, गुडघे ताठ आणि शरीराचा सगळा भार टाचांवर. हातात ताकद नसती तर ती पडलीच नसती. तिने पॅडला जेवढ्या बलाने पुढे ढकलले तेवढ्याच बलाने पॅडने तिला मागे ढकलले, आणि ते बल पेलण्यासाठी तिच्या मागे आधारच नव्हता. न्यूटनचा तिसरा नियम तिने शाळेत नक्कीच पाठ केला असणार. तो आपल्या पायांनाही लागू आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

मुष्टियुद्धात उभे राहण्याच्या पद्धतीला आपण ‘पवित्रा’ म्हणू आणि पावले टाकण्याच्या पद्धतीला ‘पदन्यास’. या दोन्ही गोष्टींमागे नववी-दहावीच्या पुस्तकातील पदार्थविज्ञानच आहे. ते समजून घेतले तर प्रशिक्षक जे नियम ओरडून ओरडून सांगतात, त्यांचे कारण कळते.

पाया किती रुंद असावा?

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या थोडा खाली असतो. त्यातून जमिनीवर सोडलेला लंब जोपर्यंत दोन्ही पावलांनी वेढलेल्या जागेत पडतो, तोपर्यंत माणूस उभा राहतो. या जागेला आपण पाया म्हणू. लंब पायाच्या बाहेर गेला की तोल जातो.

आता एक सोपे गणित करू. आपल्या विद्यार्थिनीचे वजन ५०० न्यूटन धरू, म्हणजे वस्तुमान सुमारे ५० किलोग्रॅम. तिच्या खांद्याची उंची १.२५ मीटर आहे असे मानू. ती पावले जुळवून उभी असेल, तर गुरुत्वमध्याच्या लंबापासून पायाची बाजूची कड साधारण १० सेंटिमीटर अंतरावर असते. खांद्याला बाजूने धक्का दिला तर तो तिला या कडेभोवती उलटवू पाहतो आणि तिचे वजन तिला परत खाली आणू पाहते. वजनाचे आघूर्ण ५०० × ०.१ = ५० न्यूटन-मीटर. ते उलटवायला खांद्याशी ५० ÷ १.२५ = ४० न्यूटन बल पुरते. म्हणजे चार किलो वजनाएवढा धक्का!

पावले एकमेकांपासून दूर ठेवून तीच कड २५ सेंटिमीटरवर नेली, तर लागणारे बल १०० न्यूटन होते. ताकद तीच, वजन तेच, पण स्थैर्य अडीचपट. उलट आपल्या विद्यार्थिनीसारखा भार टाचांवर ठेवला, तर मागची कड लंबापासून जेमतेम तीन सेंटिमीटर उरते आणि १२ न्यूटनचा धक्काही तिला मागे पाडू शकतो. पंचवीस जोर काढून हे गणित बदलणार नव्हते.

खरे शरीर लाकडी ठोकळ्यासारखे ताठ नसते. आपण वाकतो, हात पसरतो, तोल सावरतो. त्यामुळे हे आकडे अंदाजाचेच समजावेत. परंतु कोणत्या दिशेने सुधारणा करायची, हे त्यांतून स्पष्ट दिसते. गुडघे किंचित वाकवण्याचा सल्लाही याच गणितातून येतो. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि धक्का बसण्याची उंचीही कमी होते.

मग पाय आणखी का फाकू नयेत?

हा प्रश्न चुणचुणीत विद्यार्थी विचारणारच. पाया रुंद करत गेल्याने स्थैर्य वाढत असेल, तर एक मीटर अंतर ठेवून उभे राहायला काय हरकत आहे?

याचे उत्तर भिंतीजवळ मिळते. उजवा खांदा आणि उजवे पाऊल भिंतीला चिकटवून उभे राहा. डावे पाऊल थोडे दूर ठेवा. आता भिंत न सोडता डावे पाऊल उचलून पाहा. उचलता येत नाही! एक पाऊल उचलायचे तर गुरुत्वमध्य आधी दुसऱ्या पावलावर न्यावा लागतो, आणि भिंत त्याला तिकडे जाऊ देत नाही. पाय फार फाकून उभे राहणाऱ्याचीही थोड्याफार प्रमाणात हीच अडचण होते. पाऊल उचलण्यापूर्वी त्याला शरीर बरेच अंतर बाजूला सरकवावे लागते, आणि त्यात वेळ जातो.

म्हणजे स्थैर्य आणि चपळता या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. कुस्तीगीर वाकून, पाय रोवून उभा राहतो, कारण त्याला प्रतिस्पर्ध्याच्या पकडीत टिकायचे असते. मुष्टियोद्ध्याला ठोसा मारून लगेच दूर व्हायचे असते. म्हणून तो मधला मार्ग काढतो. पावलांत साधारण खांद्यांच्या रुंदीइतके किंवा थोडे अधिक अंतर, गुडघे सैल आणि भार दोन्ही पायांवर जवळजवळ सारखा. चांगला पवित्रा ही एक तडजोड आहे.

तिरपे का उभे राहायचे?

उजव्या हाताने लिहिणारा मुष्टियोद्धा बहुधा डावे पाऊल पुढे आणि उजवे मागे ठेवतो. पावले शेजारी शेजारी ठेवली तर पाया बाजूंना रुंद पण पुढेमागे अरुंद होतो. नेमके पुढूनच ठोसे येतात, शिवाय सगळी छाती समोरच्यापुढे उघडी पडते. पावले एकाच रेषेत एकामागे एक ठेवली, तर पुढेमागे पाया लांब होतो पण बाजूने आलेला हलका ठोसाही तोल घालवतो. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याला हातात आडवी काठी का लागते, ते आठवावे. तिरप्या पवित्र्यात पाया दोन्ही दिशांना पुरेसा असतो.

मागच्या पावलाची टाच किंचित उचललेली असते, तेही कारणाशिवाय नाही. भार चवड्यावर असला की पोटरीचे स्नायू आणि टाचेमागची जाड कंडरा आधीच ताणलेली असते. त्यामुळे शरीर पुढे लोटायला ती तयार असते. भार टाचेवर असेल तर तो आधी चवड्यावर आणावा लागतो आणि मगच रेटा देता येतो. चवड्यावर पाऊल फिरवणेही सोपे जाते. याचा उपयोग पुढे दिसेल.

पाऊल टाकण्याचा नियम

पदन्यासाचा पहिला नियम असा की, ज्या दिशेला जायचे त्या दिशेचे पाऊल आधी उचलावे आणि दुसऱ्याने तेवढेच अंतर मागोमाग यावे. पावलांत ४० सेंटिमीटर अंतर आहे आणि २० सेंटिमीटर डावीकडे जायचे आहे असे समजा. डावे पाऊल आधी टाकले तर अंतर क्षणभर ६० होते आणि उजवे आल्यावर पुन्हा ४०. उजवे आधी टाकले तर अंतर २० वर येते, म्हणजे नेमके हालचाल करताना पाया अर्धा होतो. पावलांची कात्री झाली तर तो जवळजवळ नाहीसाच होतो. त्या क्षणी साधा धक्काही पाडू शकतो. म्हणून पावले लहान टाकावीत, जमिनीपासून फार उचलू नयेत आणि कधीही जुळवू नयेत.

दुसरी गोष्ट घर्षणाची. आपण पुढे जातो ते मागचे पाऊल जमिनीला मागे रेटते आणि घर्षणामुळे जमीन आपल्याला पुढे ढकलते म्हणून. उंच उडी मारत फिरणाऱ्या खेळाडूचे पाय जमिनीला टेकलेलेच नसतील, तर त्याला दिशा बदलता येत नाही. हवेत असताना तो फेकलेल्या चेंडूसारखा असतो आणि पुढे कोठे पडणार ते ठरून गेलेले असते. म्हणून अनुभवी मुष्टियोद्धा उड्या कमी मारतो आणि सरकतो जास्त.

ठोशाचा जोर कोठून येतो?

फिरत्या खुर्चीवर बसा, पाय उचला आणि हवेत ठोसा मारा. खुर्ची उलट दिशेने फिरते. आता पाय जमिनीवर रोवून तोच ठोसा मारा. खुर्ची जागेवर राहते आणि ठोशात शरीर उतरल्याचे लगेच जाणवते. हाताला आधार खांद्याचा, खांद्याला धडाचा, धडाला कमरेचा आणि कमरेला पायांचा. मागच्या चवड्यावर पाऊल फिरते, त्याबरोबर कंबर वळते, मग खांदा आणि शेवटी मूठ. ही साखळी जमिनीपासून सुरू होते.

याची मोजमापेही झाली आहेत. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासात, अनुभवी मुष्टियोद्ध्यांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के आढळला, तर नवख्यांच्या ठोशात तो १६-१७ टक्केच होता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात मागच्या हाताच्या ठोशाचे कमाल बल मोजले गेले. वरच्या दर्जाच्या खेळाडूंचे ते सरासरी ४८०० न्यूटन होते आणि नवख्यांचे सुमारे २४००. दुप्पट बल केवळ दुप्पट जाड दंडांमुळे येत नाही.

डोके वाचवणारे पाय

आतापर्यंत आपण ठोसा मारणाऱ्याचा विचार केला. परंतु पदन्यासाचे खरे मोल ठोसा चुकवणाऱ्याला असते. मुठीचा वेग सेकंदाला ६ मीटर धरला, तर ६० सेंटिमीटरचे अंतर ती ०.१ सेकंदात कापते. डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे ठोसा निघाल्यावर पाय जुळवायला वेळच नसतो. पाय आधीच तयार असावे लागतात आणि अंतर आधीच राखलेले असावे लागते.

ठोसा लागलाच तरी पायांमुळे फरक पडतो. सेकंदाला ६ मीटर वेगाने येणाऱ्या मुठीपासून आपण १ मीटर वेगाने मागे जात असू, तर सापेक्ष वेग ५ होतो. तिच्या दिशेने जात असू तर ७. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे २५ आणि ४९. मागे जाणाऱ्याला जवळजवळ निम्माच आघात सोसावा लागतो. झेल घेताना आपण हात मागे घेतो ते याच कारणाने.

हे महत्त्वाचे का, ते स्पष्टच सांगायला हवे. मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो. डोके झटकन फिरले की मेंदूच्या पेशींचे तंतू ताणले जातात. १९२८ साली हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने, डोक्यावर वारंवार ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांत दिसणाऱ्या अडखळत्या चालीचे आणि मंदावलेल्या बुद्धीचे वर्णन केले. तेव्हापासून हा प्रश्न या खेळापुढे उभा आहे.

मुहम्मद अलीचे उदाहरण येथे आठवते. १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये, कॅशियस क्ले या नावाने, त्याने अठराव्या वर्षी सुवर्णपदक मिळवले. तरुणपणी तो हात बरेचदा खालीच ठेवत असे. त्याचा बचाव त्याचे पाय करत. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिल्यामुळे १९६७ पासून सुमारे साडेतीन वर्षे त्याला रिंगणाबाहेर राहावे लागले. परतल्यावर पाय पूर्वीसारखे चपळ राहिले नव्हते. १९७४ साली किन्शासा येथे जॉर्ज फोरमनविरुद्ध तो दोरांना टेकून ठोसे सोसत राहिला आणि जिंकलाही. पण सोसलेल्या ठोशांचा हिशेब पंच ठेवत नाहीत. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचा विकार असल्याचे निदान झाले आणि २०१६ मध्ये तो वारला. त्याच्या विकाराचे कारण ठोसेच होते असे ठामपणे म्हणता येत नाही. तरीही पाय थकले की भार डोक्यावर येतो, हे विसरू नये.

म्हणूनच आमचे सांगणे असे की, शाळेत मुष्टियुद्ध शिकवायचे तर सुरुवात पायांपासून करावी. पवित्रा आणि पदन्यास पक्के होईपर्यंत मुलांना एकमेकांवर ठोसे मारू देऊ नयेत, आणि डोक्यावर तर नाहीच.

वर्गात आणि मैदानावर

१. विद्यार्थ्याच्या खांद्याभोवती पंचा बांधून त्याला ताणकाटा अडकवा आणि हळूहळू आडवा ओढा. पावले जुळवून, शेजारी शेजारी दूर ठेवून आणि तिरप्या पवित्र्यात, पाऊल हलण्याच्या क्षणीचे वाचन नोंदवा. ओढ पुढून, मागून आणि बाजूने द्या. दोघांनी सावरायला जवळ उभे राहावे.

२. एकाने फूटपट्टी उभी धरून अचानक सोडावी, दुसऱ्याने ती चिमटीत पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर प्रतिक्रियेला सुमारे ०.२ सेकंद लागले. पडणाऱ्या वस्तूचे सूत्र वापरून इतर अंतरांचे कोष्टक विद्यार्थ्यांनीच करावे.

३. मैदानातील मऊ मातीवर पवित्र्यात दहा पावले पुढे आणि दहा पावले बाजूला टाकायला सांगा. उमटलेल्या ठशांतील अंतर मोजा. पाया कोठे अरुंद झाला, ते माती सांगेल.

त्या दिवशी आम्ही फरशीवर खडूने दोन तिरपी पावले काढली आणि त्या मुलीला त्यांवर उभे केले. गुडघे सैल, मागची टाच उचललेली. तिने पुन्हा ठोसा मारला. या वेळी पॅड धरणारी मुलगी एक पाऊल मागे गेली. क्रीडाशिक्षकांनी ते पाहिले, खडू उचलला आणि शेजारी आणखी एका जोडीची पावले काढायला घेतली.