काला अंब आणि घरची संक्रांत

पानिपत शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर ‘काला अंब’ हे स्थान आहे. रणात सांडलेल्या रक्ताने येथील आंब्याची पाने काळी पडली, अशी आख्यायिका असून, वठून गेलेल्या त्या वृक्षाच्या जागी आज विटांचा स्मारकस्तंभ उभा आहे. मराठी माणूस येथे येतो तो बहुधा १४ जानेवारीस. आणि ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपत झाले’ हे वाक्य त्याच्या मनात आधीपासूनच असते. प्रस्तुत टिपणात या समजुतीचा विचार करावयाचा आहे.

युद्ध झाले ते १४ जानेवारी १७६१ रोजी, बुधवारी. तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. यात शंका नाही. परंतु मकरसंक्रमण त्या साली १४ तारखेस नव्हते. आपली संक्रांत निरयन गणनेची. निरयन वर्ष इंग्रजी वर्षाहून किंचित मोठे असल्याने ती सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, तो १२ जानेवारी १८६३ रोजी. त्यापूर्वी शतकभर मागे गेल्यास १७६१ ची संक्रांत ९-१० जानेवारीच्या सुमारास येते. अर्थात, रणसंहारापूर्वी चार-पाच दिवस सण होऊन गेला होता.

जपानी घरांतील ‘सेत्सुबुन’ या सणाशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. वसंतारंभाच्या आदल्या दिवशी तेथे भाजलेले सोयाबीनचे दाणे उधळून घरातील अरिष्टाला बाहेर घालवितात आणि आपल्या वयाइतके दाणे खातात. तो दिवसही सूर्यावरूनच ठरतो. मात्र गणना सायन असल्याने तो ३ फेब्रुवारीच्या आसपासच राहतो. २०२१ साली तो २ तारखेस आला, तेव्हा १८९७ नंतर प्रथमच तसे घडले.

मग ‘संक्रांत येणे’ हा वाक्प्रचार कोठून आला? ‘पानिपत होणे’ हा निःसंशय त्या रणाचा वारसा होय. ‘संक्रांत येणे’ मात्र पंचांगातील संक्रांतिदेवीच्या वर्णनातून आला असावा, असे मानणे अधिक युक्त. तिचे वाहन, वस्त्र, आयुध सांगून, ती जिकडे पाहते तिकडे अरिष्ट, असे फळ तेथे वर्तविलेले असते. काळ्या चंद्रकळेलाही शोकाचे चिन्ह समजण्याचे कारण नाही. थंडीत ऊब देणारा रंग, हा तिचा साधा खुलासा पुरेसा आहे.

तारखेचा घोळ सुधारला म्हणून स्मृतीचे मोल उणे होत नाही. हरियाणातील रोड समाजातील अनेक जण स्वतःस पानिपतच्या मराठ्यांचे वंशज मानतात. अभ्यासकांत याविषयी मतभेद असले, तरी काला अंब येथे त्यांची श्रद्धा प्रत्यक्ष दिसते. शोकाला १४ जानेवारी हा स्वतःचा दिवस आहेच. त्यासाठी सणाला अशुभ ठरविण्याची गरज नाही.

भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, सुगडातील ऊस, बोरे आणि ओला हरभरा, तान्ह्याचे बोरनहाण, रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू या साऱ्यांत पराभवाचा मागमूस नाही. त्यांत पिकाचा आणि सूर्याचा आनंद आहे, शेजाऱ्याच्या हातावर तिळगूळ ठेवून केलेली गोड बोलण्याची विनवणी आहे. काला अंबापाशी नतमस्तक होऊन परतलेल्या माणसाने घरी हेच वाण जपावे.