संगणक निवडताना : काम आधी, यंत्र नंतर



‘सर्वांत चांगला संगणक कोणता?’ असे तुम्ही दुकानात विचारलेत, तर दुकानदार बहुधा सर्वांत महाग संगणकाकडे बोट दाखवील. आता एखाद्या शेतकऱ्याला विचारून पाहा, ‘सर्वांत चांगले वाहन कोणते?’ तो उलट तुम्हालाच विचारील, ‘न्यायचे काय आहे, आणि कुठे?’ ऊस कारखान्यावर न्यायचा तर ट्रॅक्टर हवा; दूध डेअरीवर घालायचे तर मोटारसायकल पुरते. संगणकाचेही अगदी असेच आहे.

असे समजा, की माजी विद्यार्थ्यांनी तुमच्या शाळेला देणगी दिली आहे आणि त्यातून एक शक्तिमान टेबलावरचा संगणक घ्यावयाचा आहे. कोणकोणते भाग घ्यावेत याची यादी करण्याचे काम सरांनी तुमच्या वर्गाकडे सोपविले आहे. पैसा लोकांचा आहे. चुकीच्या भागावर तो खर्च झाला, तर पुन्हा मिळणार नाही. मग यादी करायची कशी?

उदाहरणादाखल दोन खरे भाग समोर ठेवू. पहिला, ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आलेला एएमडी कंपनीचा ‘रायझन ९ ९९५०एक्स’ हा प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर. दुसरा, जानेवारी २०२५ मध्ये आलेले एनव्हिडिया कंपनीचे ‘आरटीएक्स ५०९०’ हे ग्राफिक्स कार्ड. हेच भाग घ्या असे सांगण्याचा हेतू नाही. जाहिरातीतील आकड्यांमागे कोणते विज्ञान दडलेले असते, ते त्यांच्या मदतीने आपण पाहणार आहोत.

ठोके आणि गाभे

प्रक्रियकाचे काम घड्याळाच्या ठोक्यांवर चालते. आपल्या प्रक्रियकाचा कमाल वेग ५.७ गिगाहर्ट्‌झ आहे, म्हणजे सेकंदाला ५७० कोटी ठोके. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम सव्वापाच सेंटिमीटर अंतर कापतो!

हा वेग असाच वाढत जाईल का? इतिहास पाहा. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाचा वेग ४.७७ मेगाहर्ट्‌झ होता. २००४ साली ‘पेंटियम ४’ हा प्रक्रियक ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोहोचला. तेवीस वर्षांत वेग सुमारे आठशे पट झाला. त्यानंतरच्या वीस वर्षांत मात्र तो केवळ दीडपट झाला. असे का झाले?

याचे मुख्य कारण उष्णता. ठोके वाढवायचे तर विद्युतदाबही वाढवावा लागतो, आणि निर्माण होणारी उष्णता ही ठोक्यांच्या व दाबाच्या वर्गाच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. दोन्ही २० टक्क्यांनी वाढवले, तर १.२ × १.२ × १.२ = १.७३. म्हणजे वेग २० टक्के अधिक, पण उष्णता ७३ टक्के अधिक! हा व्यवहार परवडणारा नाही.

म्हणून तंत्रज्ञांनी दुसरी वाट धरली. एकाच प्रक्रियकात अनेक गाभे बसवायचे आणि काम वाटून द्यायचे. काम वाटून घेण्याची ही कल्पना मोठ्या संगणकांमध्ये आधीपासूनच होती. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला, तो अनेक प्रक्रियक एकत्र जोडूनच. आपल्या उदाहरणातील प्रक्रियकात सोळा गाभे आहेत.

मग सोळा गाभे म्हणजे सोळापट वेग का? नाही. एक साधे उदाहरण घेऊ. शाळेची भिंत चुन्याने रंगवायची आहे. चुना कालवायला एका माणसाला १० मिनिटे लागतात आणि रंगवायला ९० मिनिटे. एकटा माणूस १०० मिनिटांत काम संपवील. नऊ मुले आली तर रंगवणे १० मिनिटांत होईल, पण चुना कालवण्याची १० मिनिटे कायमच. एकूण २० मिनिटे. म्हणजे माणसे नऊपट, वेग पाचपट. नव्वद मुले आली तरी ११ मिनिटे लागतीलच. सारा गाव आला, तरी दहा मिनिटांच्या आत भिंत रंगणार नाही! कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच वेगाची मर्यादा ठरवतो. हे तत्त्व १९६७ साली जीन ॲमडाल यांनी मांडले, म्हणून त्याला ‘ॲमडालचा नियम’ म्हणतात.

यावरून यादीचा पहिला धडा मिळतो. चलच्चित्रांचे संपादन, त्रिमिती चित्रे, हवामानाची गणिते अशी सहज वाटता येणारी कामे असतील, तर जास्त गाभे घ्या. लेखन, हिशेब, इंटरनेट यांसाठी सहा-आठ चांगले गाभे पुष्कळ झाले. उरलेले गाभे नुसते बसून राहतील.

वाट पाहणारा प्रक्रियक

प्रक्रियक कितीही चपळ असला, तरी आकडे हातात आल्यावाचून तो गणित करू शकत नाही. हे आकडे येतात कोठून? सध्या लागणारे रॅममधून, आणि साठवलेले एसएसडी किंवा हार्ड डिस्कमधून.

या तिघांच्या वेगांतील फरक समजण्यासाठी एक गंमत करू. सोयीसाठी ५ गिगाहर्ट्‌झचा प्रक्रियक धरा. त्याचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा. हा ठोका एक सेकंदाचा आहे अशी कल्पना करा आणि बाकीच्या वेळाही त्याच प्रमाणात ताणा. रॅममधून आकडा यायला सुमारे ८० नॅनोसेकंद लागतात. आपल्या मापाने ते झाले पावणेसात मिनिटे. एसएसडीला सुमारे ६० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे साडेतीन दिवस. फिरत्या हार्ड डिस्कला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे! जुन्या संगणकातील हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, की तो नव्यासारखा का पळू लागतो, ते आता तुमच्या ध्यानात येईल.

रॅम किती घ्यावी? कामापुरती. कमी पडली, तर संगणक उरलेला मजकूर एसएसडीवर ठेवू लागतो, आणि मिनिटांच्या जागी दिवस लागू लागतात. मात्र गरजेपेक्षा जास्त घेतल्याने वेग वाढत नाही. मोठे पातेले घेतले म्हणून भात लवकर शिजत नाही.

येथे एक बारकावा आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. आपल्या प्रक्रियकाकडे रॅमचे दोन मार्ग आहेत. ६४ गिगाबाइट रॅम दोन प्रकारे बसवता येते : ३२ च्या दोन पट्ट्या किंवा १६ च्या चार पट्ट्या. दोन पट्ट्यांना कंपनी सेकंदाला ५६० कोटी देवघेवींची हमी देते. दर खेपेस ८ बाइट आणि मार्ग दोन, म्हणून वहनक्षमता झाली सेकंदाला ८९.६ गिगाबाइट. चार पट्ट्या लावल्या तर हमी ३६० कोटींवर येते आणि वहनक्षमता ५७.६ गिगाबाइट होते. रॅम तेवढीच, पण मार्गावरचे ओझे वाढले आणि वेग एक तृतीयांशाहून अधिक घटला. म्हणून यादीत नुसते ‘६४ गिगाबाइट’ असे लिहू नका. ‘३२ च्या दोन पट्ट्या’ असे लिहा.

ग्राफिक्स कार्ड : लहान गणित्यांची फौज

प्रक्रियकातील सोळा गाभे हे सोळा हुशार गणिती समजलात, तर आपल्या ग्राफिक्स कार्डात २१,७६० साधे गणिती आहेत. एकाच प्रकारची लहान लहान गणिते एकाच वेळी करण्यात ते तरबेज असतात. पडद्यावरील चित्राला नेमके हेच लागते. ३८४० × २१६० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात, आणि प्रत्येकाचा रंग सेकंदातून साठ वेळा ठरवावा लागतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची गणितेही अशीच असतात.

या कार्डाची स्वतःची ३२ गिगाबाइट स्मृती असते आणि तिची वहनक्षमता सेकंदाला १,७९२ गिगाबाइट आहे, म्हणजे आपल्या रॅमच्या बरोबर वीसपट. पण काम त्या ३२ गिगाबाइटांत मावले, तरच हा लाभ मिळतो. ७०० कोटी अंकांचे भाषा-प्रारूप, दर अंकाला २ बाइट धरल्यास १४ गिगाबाइट भरते. ते आरामात मावते. ७,००० कोटी अंकांचे प्रारूप १४० गिगाबाइटचे होते. ते मावत नाही. खरेदीपूर्वी असा साधा गुणाकार केला, तर पुष्कळ पैसा वाचतो.

वीज आणि उष्णता

आता थोडा जमाखर्च मांडू. पूर्ण ताणाखाली आपला प्रक्रियक २३० वॅटपर्यंत आणि ग्राफिक्स कार्ड ५७५ वॅटपर्यंत वीज घेते. इतर भागांसाठी ९५ वॅट धरा. बेरीज झाली ९०० वॅट. वीज पुरवणारा भाग ९० टक्के कार्यक्षम असेल, तर भिंतीतून १,००० वॅट ओढले जातील, म्हणजे तासाला एक युनिट. रोज चार तास असे काम महिन्यातून २५ दिवस चालले, तर शंभर युनिटे! देणगी एकदाच मिळते, पण विजेचे बिल दरमहा येते.

ही सारी वीज शेवटी उष्णतेच्या रूपाने खोलीत येते. तेव्हा असा संगणक म्हणजे तापलेली इस्त्रीच. आपल्या प्रक्रियकाची तापमर्यादा ९५ अंश सेल्सियस आहे. पंख्याने किंवा पाण्याच्या नळ्यांनी वाहून नेली जाणारी उष्णता ढोबळमानाने दोन तापमानांतील फरकावर अवलंबून असते. खोली २५ अंशांवर असेल, तर हा फरक ७० अंश. चंद्रपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात खोली ४२ अंशांवर असेल, तर फरक उरतो ५३ अंश. तोच पंखा आता चौथाई उष्णता कमी वाहून नेईल, आणि प्रक्रियक स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करील. विदर्भातील शाळेने आणि महाबळेश्वरच्या शाळेने एकच यादी का करू नये, त्याचे हे कारण.

आणखी एक गोष्ट. ग्राफिक्स कार्डाचे ५७५ वॅट १२ व्होल्ट दाबाने येतात, म्हणजे प्रवाह सुमारे ४८ अँपियर! घरातील गीझरच्या जाड पिनांनाही १६ अँपियरचीच मर्यादा असते. जोड थोडासा जरी सैल राहिला, तर तेथील रोध वाढतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होते. २०२२ नंतर मोठ्या कार्डांचे असे जोड वितळल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून जोड पूर्ण आत बसला आहे याची खात्री शिक्षकांसमोर करून घ्या. घरगुती ६०० व्होल्ट-अँपियरचा लहान यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटच पेलतो, हेही विसरू नका. वीज जाताच तो या संगणकाला सावरू शकणार नाही.

जोडल्यानंतर

भाग उत्तम असूनही मांडणी चुकल्यामुळे कित्येक संगणक रेंगाळत असतात. चार गोष्टी अवश्य तपासा. पडद्याची तार ग्राफिक्स कार्डालाच जोडली आहे ना? ती मदरबोर्डला जोडली, तर महागडे कार्ड रिकामे बसते. रॅमच्या दोन पट्ट्या पुस्तिकेत दाखवलेल्या खाचांतच आहेत ना? रॅमचा छापील वेग सुरुवातीच्या व्यवस्थेत निवडला आहे ना? तो न निवडल्यास पट्ट्या मूळच्या मंद वेगाने चालतात. आणि पडदा १४४ हर्ट्‌झचा असेल, तर तो ६० वर तर चालत नाही ना?

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रक्रियक बिघडला तर नवा आणता येतो. मुलांनी वर्षभर केलेले प्रकल्प मात्र दुकानात मिळत नाहीत. यादीत मजकुराची दुसरी प्रत ठेवण्यासाठी एक वेगळी डिस्क लिहाच, आणि ती संगणकापासून दूर, कपाटात ठेवा.

मग निर्णय काय?

आता वर्गात बसून कामांची यादी करा. मराठी टंकलेखन, भूमितीची चित्रे, थोडे प्रोग्रॅमिंग एवढेच काम निघाले, तर एका शक्तिमान संगणकाच्या पैशांत अनेक साधे संगणक घेणे अधिक शहाणपणाचे, कारण त्यामुळे अधिक मुलांचे हात कळफलकाला लागतील. शाळेला चित्रफिती तयार करायच्या असतील, तर भरपूर गाभे, ६४ गिगाबाइट रॅम आणि मोठी एसएसडी घ्या, पण ग्राफिक्स कार्ड मध्यम पुरेल. कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करायचे असतील, तरच मोठ्या कार्डावर खर्च करा. बैलजोडीत एक बैल कितीही तेज असला, तरी गाडी मंद बैलाच्या चालीनेच चालते. पैसा मंद बैलावर खर्च करावा.

करून पाहा : शाळेतील सध्याच्या संगणकावर ‘टास्क मॅनेजर’ उघडा आणि नेहमीचे काम करा. प्रक्रियक, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स यांपैकी कोणाचा आलेख शंभर टक्क्यांना भिडतो, ते दर पाच मिनिटांनी वहीत नोंदवा. आठवडाभराच्या नोंदी जमल्या, की तुमचा मंद बैल कोणता ते तुम्हाला कळेल. मग ती वही घेऊन सरांकडे जा. यादी कोठून सुरू करायची, ते तिच्यातच लिहिलेले असेल.