लायटरच्या खड्यातलं सिरियम

चाकाच्या लायटरमधून उडणारी ठिणगी सिरियमची असते. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांपैकी हे सर्वांत विपुल. भूकवचात ते साधारण तांब्याइतकं आहे. १८०३ मध्ये स्वीडनमध्ये बर्झेलियस व हिसिंगर यांनी, तर जर्मनीत क्लाप्रोट यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं.

हा राखाडी धातू चाकूने कापता येईल इतका मऊ असतो. खरवडला, की त्याचे बारीक कण हवेत पेट घेतात. हे हेरून ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये त्यात लोखंड मिसळलं आणि लायटरचा खडा तयार झाला. आपल्याकडच्या वरातींतल्या गॅसबत्त्यांचं मेंटल ही त्यांचीच देणगी. त्यात बहुतांश थोरियम ऑक्साइड आणि जेमतेम एक टक्का सिरियम ऑक्साइड असे. तेवढ्या एका टक्क्यावर सगळा झगमगाट! नुसत्या थोरियमचा उजेड अगदीच फिका पडतो.

आज सिरियम ऑक्साइड काचा व भिंगं घासायला वापरतात. मोटारीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये ते प्राणवायू साठवतं, गरजेप्रमाणे सोडतं आणि धुरातले विषारी वायू कमी करायला मदत करतं.

घरात जुनं मेंटल सापडलं, तर त्याची भुकटी श्वासात जाऊ देऊ नका. त्यातलं थोरियम किरणोत्सारी असतं.